करीम मिस्त्रींची पाटी

करीम मिस्त्री गेल्या महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारी सकाळी सातच्या सुमारास घोडेगावात वारले. वय अठ्ठावन्न. आठ दिवस ताप होता, शेवटचे दोन दिवस छातीत दुखत होते. त्याच दुपारी जुम्म्याच्या नमाजानंतर दफन झाले. शुक्रवार हा घोडेगावच्या जनावरांच्या बाजाराचा दिवस, त्यामुळे मयतीला माणसे पुष्कळ होती. नुकताच विकत घेतलेला बैल सोडून जाता येईना म्हणून काही शेतकरी कासरा हातात धरूनच रस्त्याच्या कडेला उभे होते, असे मला नंतर सांगण्यात आले. मला बातमी संध्याकाळी नगरला कळली. घोडेगावहून आलेल्या मोटारीच्या ड्रायव्हरने आमच्या साप्ताहिकाच्या कचेरीत डोकावून सांगितले, "तुमचे मिस्त्री गेले." त्या आठवड्याचा अंक आदल्या दिवशी छापून झाला होता आणि पुढच्या अंकापर्यंत बातमी शिळी झाली. हा मजकूर तिच्या जागी समजावा.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिले ते १९३८ साली, नगरला, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका भाड्याच्या शेडमध्ये. पाच जणांनी मिळून कडबा कापायची यंत्रे तयार करणारी लहानशी खासगी लिमिटेड कंपनी काढली होती आणि संपादकांनी मला चार ओळी आणायला पाठवले होते. पाचांपैकी तिघे नेवाशाकडचे शेतकरी, चौथे नगरचे एक व्यापारी, पाचवे करीमभाई. चौघांनी भांडवल घातले. करीमभाईंनी आपले लेथ, आपले साचे आणि आपले हात घातले. व्यापाऱ्यांचे नाव मी येथे लिहीत नाही. ते हयात आहेत आणि पुढे जे घडले त्यात त्यांनी केलेली एकही गोष्ट बेकायदा ठरलेली नाही. मी शेडमध्ये शिरलो तेव्हा करीमभाई जमिनीवर उकिडवे बसून पाटी रंगवत होते. मोडलेल्या बैलगाडीची सागवानी फळी रंधून घेतली होती. वर मराठीत कंपनीचे नाव, खाली तेच इंग्रजीत. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हते. सरकारी दाखला समोर ठेवून एकेक अक्षर चित्रासारखे ते उतरवत होते. पेंटरला का दिली नाही, असे मी विचारले. मान वर न करता ते म्हणाले, "पेंटर अक्षरं काढंल. आपल्याला कंपनी काढायची हाय."

पाटी भिंतीतल्या दोन खिळ्यांवर टांगली गेली, पण ती तिथे कायम राहत नसे. यंत्रांचे गिऱ्हाईक घोडेगावच्या बाजारात भेटायचे. दर आठवड्याला गुरुवारी यंत्रे गाडीत चढवली की करीमभाई पाटी खिळ्यांवरून उतरवत, तेलाच्या फडक्याने पुसत, पोत्यात गुंडाळून गाडीत ठेवत आणि शुक्रवारी बाजाराच्या कडेच्या एका बाभळीला टांगत. शनिवारी पाटी परत नगरच्या भिंतीवर. हे पुसणे इतके मन लावून चाले की शेतकरी भागीदारांपैकी वयाने मोठे असलेले नामदेव आबा एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "मिस्तरी, भाभीचं तोंड तरी इतक्यांदा बघता का?" करीमभाई म्हणाले, "आबा, ते न पुसता चमकतं." गिऱ्हाईक विचारी, कारखाना कुठं हाय? उत्तर ठरलेले असे: "पाटी हाय तिथं." ते हे थट्टेने म्हणत, असे मला पाच वर्षे वाटत होते.

१९४३ साली शेडच्या मालकाने जागा मागितली. लढाई चालू होती आणि लष्कराला माल पुरवणारा एक कंत्राटदार त्या जागेला तिप्पट भाडे देत होता. घोडेगावला बाजारतळाजवळ आबांच्या मेव्हण्याची शेड रिकामी होती. तीन बैलगाड्यांत कारखाना मावला. पाटी पहिल्या गाडीत, गाडीवानाच्या शेजारी उभी बांधली होती. मी त्या दिवशी तिथे होतो. कंपनीने आपला नोंदलेला पत्ता बदलला की रजिस्ट्रारला फॉर्म भरून कळवावे लागते, ही गोष्ट पाचांपैकी एकालाच ठाऊक होती, आणि कंपनीचे सगळे कागद त्यांच्याकडेच असत. करीमभाईंनी गाडी सुटताना त्यांना विचारले, "शेठ, सरकारला काही सांगावं लागंल का?" व्यापारी म्हणाले, "ते माझ्याकडे लागलं. तुम्ही भट्टी बघा." फॉर्म भरला गेला नाही. तो राहून गेला की ठेवला गेला, याचा पुरावा माझ्याकडे नाही. करीमभाईंनी पुन्हा विचारले नाही. पाटी हलली म्हणजे कंपनी हलली, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. मागे भिंतीत दोन खिळे राहिले.

पुढची चार वर्षे कारखाना घोडेगावात चालला. लोखंड मिळत नसे. करीमभाई मोडीच्या बाजारातून फुटके रहाट, जुने नांगराचे फाळ, तुटकी चाके गोळा करून वितळवत. बाजाराच्या दिवशी दुपारी, गिऱ्हाइकांच्या डोळ्यांसमोर, यंत्राचे एक चाक ओतायची त्यांची पद्धत होती. "ओतताना बघितलेलं यंत्र मानूस घिऊन जातो," असे ते म्हणत. मी दोन-तीन आठवड्यांनी बाजाराच्या बातमीसाठी जाई आणि परतीची मोटार येईपर्यंत शेडमध्ये बसे. व्यापारीही अधूनमधून येत. १९४७ च्या ईदला त्याच शेडमध्ये, त्याच पाटीखालच्या बाकावर बसून त्यांनी भाभींच्या हातचा शिरखुर्मा खाल्ला. दुसरी वाटी मागून घेतली. मी शेजारी बसलो होतो.

त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी कंपनी बंद करून गुंडाळावी असा अर्ज कोर्टात दिला. कारण असे दिले होते की कंपनीने वर्षाहून अधिक काळ धंदा बंद ठेवला आहे. सोबतच्या प्रतिज्ञापत्रात तीन गोष्टी होत्या. नोंदलेल्या पत्त्यावरची कचेरी बंद आहे, कंपनीची पाटी काढून नेलेली आहे, आणि व्यवस्थापक करीम हे ठावठिकाणा न कळवता निघून गेले आहेत. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या होत्या. तिसरी, १९४७ साली, करीम नावाच्या माणसाबद्दल असल्यामुळे, कुणी तपासून पाहिली नाही.

कोर्टाने रीतीप्रमाणे दोन हुकूम केले. कंपनीला तिच्या नोंदलेल्या पत्त्यावर नोटीस बजवावी, आणि स्थानिक वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी. बेलिफ स्टेशन रस्त्यावरच्या जुन्या शेडवर गेला. त्याचा अहवाल मी नंतर वाचला आहे: "दार बंद. पाटी नाही. भिंतीस दोन खिळे आहेत. पंचांसमक्ष नोटीस दारास डकवली." बेलिफ प्रामाणिक होता. दिसले ते त्याने लिहिले. खिळेसुद्धा लिहिले.

जाहिरात आमच्या साप्ताहिकात आली. चौथे पान, दुसरा रकाना. तिचे प्रूफ मी वाचले. कंपनीचे नाव वाचले, सुनावणीची तारीख वाचली, मूळ कागदाशी ताडून पाहिली आणि पान पुढे दिले. करीमभाईंना हे माहीत असणार असे मी धरून चाललो. कंपनीविरुद्धचा अर्ज कंपनीला कळवल्याशिवाय पुढे कसा जाईल... आणि हा त्यांचा घरचा मामला, ते आपणहून बोलले नाहीत तर आपण कसा काढावा, असाही एक विचार होता. त्याच शुक्रवारी मी तो अंक घेऊन घोडेगावला गेलो. मी त्यांना अंक नेहमी हातोहात देत असे. त्यांनी विचारले, "काय इशेष, भाऊ?" मी म्हणालो, "काही नाही." त्यांनी अंक बाकावर पसरला आणि त्यावर चहाचे पेले ठेवले. जाहिरात पेल्याखाली होती की शेजारी, ते मला आठवत नाही.

सुनावणीच्या दिवशी कंपनीच्या नावाचा तीनदा पुकारा झाला. कोणी उभे राहिले नाही. त्याच सकाळी एकतर्फी हुकूम झाला आणि कंपनीची मालमत्ता ताब्यात घेऊन विकण्यासाठी लिक्विडेटर नेमला गेला.

लिक्विडेटर त्यानंतरच्या शुक्रवारी दुपारी घोडेगावात आला. बरोबर पट्टेवाला, एक मोठे कुलूप, लाख आणि मोहोर. तो कुणालाही रस्ता न विचारता बाजारतळ ओलांडून थेट शेडच्या दारात आला. त्याच्या हातात मालमत्तेची यादी होती आणि यादीच्या डोक्यावर पत्ता लिहिलेला होता: घोडेगाव, बाजारतळाजवळची शेड. मी तिथे होतो. करीमभाई चाक ओतण्याच्या तयारीत होते; भट्टीत लोखंड पाणी झाले होते आणि दहा-बारा गिऱ्हाइके भोवती उभी होती. लिक्विडेटरने हुकूम वाचून दाखवला. करीमभाईंनी दोनदा वाचायला लावला. मग विचारले, "साहेब, ही यादी कुनी दिली?"

"अर्जदारांनी."

"म्हंजे शेठनी. त्यांनी पत्ता बी दिला?"

"यादीवर आहे की."

"मग कुलूप लावायला घोडेगाव सापडलं," करीमभाई म्हणाले, "अन बोलवायला न्हाई सापडलं, व्हय?"

लिक्विडेटर म्हणाला, "ते कोर्टाला विचारा. मी हुकमाचा ताबेदार." त्याचा नाइलाज खरा होता. करीमभाईंनी एक तास मागितला. वितळलेले लोखंड साच्यात घालतो, मग खुशाल कुलूप लावा. तास मिळाला नाही. लोखंड भट्टीतच थिजले. गिऱ्हाइकांपैकी कुणीतरी मागून ओरडले, "ओ साहेब, बंद पडलेल्या कारखान्यात घाम कशाचा येतोय तुमाला?" लोक हसले. लिक्विडेटर हसला नाही. त्या दिवशीच्या पंचनाम्यात "भट्टी गरम" अशी नोंद आहे. वर्षभर बंद असलेल्या धंद्याची भट्टी गरम कशी, हा प्रश्न पंचनाम्यात विचारायचा नसतो. यादीत लेथ होते, साचे होते, ऐरण होती, तोलकाटा होता. पाटी नव्हती. ती दारावर तशीच राहिली, आणि तिच्या खाली मोहोर बसली.

करीमभाईंनी वकील दिला आणि एकतर्फी हुकूम रद्द करून आपले ऐकावे असा अर्ज केला. पहिल्या तारखेला ते मोटारीच्या टपावर पाटी बांधून आले आणि कोर्टाच्या ओट्यावर ती खांद्यावर घेऊन उभे राहिले. आबा आधीच येऊन बसले होते. म्हणाले, "मिस्तरी, खाली ठिवा ती. लोकं म्हन्तील हितंच दुकान थाटलं." वकीलही वैतागले. "अहो, ही कशाला आणलीत?"

"कंपनी हजर हाय म्हून दाखवायला."

वकिलांनी पाटी पुरावा म्हणून दाखल करून घ्यावी अशी विनंती केली. ती घ्यायची की नाही याचा हुकूम मुख्य अर्जाबरोबर होईल, असे सांगण्यात आले, आणि तोवर पाटी कोर्टाचा मुद्देमाल सांभाळणाऱ्या नाझरच्या खोलीत ठेवली गेली. पुढच्या तारखेला समोरच्यांनी मुदत मागितली. त्याच्या पुढच्या तारखेला न्यायाधीश रजेवर होते. नंतर दोनदा पाळी आली नाही. एकदा समोरचे वकील आजारी होते. तोवर लिलाव होऊ नये असाही अर्ज होता. तोही मुख्य अर्जाबरोबर ऐकायचा ठरला. मुख्य अर्ज पुढे जात राहिला, लिलावाची तारीख मात्र एकदाही पुढे गेली नाही. बोली बोलणारे एकच गृहस्थ आले होते. लेथ, साचे आणि थिजलेल्या लोखंडासकट भट्टी त्यांनी घेतली. विक्री कायम झाली आणि त्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यात करीमभाईंच्या अर्जाची पाळी आली.

न्यायाधीश सज्जन होते. त्यांचा आवाज एकदाही चढला नाही. त्यांनी विचारले, पत्ता बदलल्याचा फॉर्म भरला होता काय? वकील म्हणाले, नाही. मग नोंदलेल्या पत्त्यावरची नोटीस कायद्याने पोचलीच. वर्तमानपत्रातही जाहिरात होती. शिवाय मालमत्ता आता विकली गेली आहे, त्यामुळे अर्जात ऐकण्यासारखे काही उरलेले नाही. करीमभाई उभे राहिले. "साहेब, मी येक सांगू का?" न्यायाधीश म्हणाले, "तुमचे वकील बोलले आहेत." वकील बोलले होते, सुमारे दोन मिनिटे. करीमभाई बसले. त्या प्रकरणाच्या रोजनाम्याची नक्कल माझ्याजवळ आहे. अकरा तारखांना करीमभाईंच्या नावापुढे "हजर" असा शेरा आहे. त्यांचे म्हणून दुसरे काहीही त्यात नाही.

बाहेर आल्यावर, काय सांगणार होतात, असे मी विचारले. ते बराच वेळ चपला शोधत राहिले. मग म्हणाले, "लई काही न्हाई. येवढंच, की साहेब, या येकदा घोडेगावला. भट्टी पेटवून दावतो. मग म्हना बंद हाय."

दोन महिन्यांनी व्यापारी स्वतः घोडेगावला आले. तीच यंत्रे आता ते नगरला चालवणार होते आणि साचे कुणाला उमगत नव्हते. महिन्याच्या पगारावर यावे, असे त्यांनी करीमभाईंना सुचवले. मानाने ठेवीन, म्हणाले. करीमभाई रस्त्याच्या कडेला एका बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवत होते. म्हणाले, "येतो की, शेठ. तुमच्या कारखान्याचा पत्ता काय?" व्यापाऱ्यांनी सांगितला. "सरकारात लिवलाय न्हवं? बघा बरं. मागल्या खेपेला तेवढंच राहिलं हुतं तुमच्याकडं." व्यापारी पुन्हा आले नाहीत. करीमभाई शेवटपर्यंत गाड्यांच्या धावा बसवत राहिले.

माझी त्यांची शेवटची भेट त्यांच्या आजाराच्या महिनाभर आधी झाली. मी त्यांच्याशी प्रुफाबद्दल कधी बोललो नव्हतो. त्या दिवशी बोललो. जाहिरात माझ्या हाताखालून गेली, मी ती वाचली होती, आणि तो अंक मीच आणून दिला होता. ते हातोडा मांडीवर ठेवून बसले...

"म्हाईत हाय मला," ते म्हणाले. "कुलूप लागलं त्या दिशी सांजच्याला अंक हुडकून काढला. त्याच्यावर पेल्याचे दोन डाग हायेत. येक तुमचा."

मी जवळच्या दगडावर बसलो.

"तुमी सांगायला पायजे हुतं, भाऊ," ते म्हणाले, आणि पुन्हा कामाला लागले. त्यानंतर चहा आला. तो आम्ही प्यायलो. दुसऱ्या कोणत्याही विषयावर ते नेहमीसारखे बोलले. हे वाक्य त्यांनी मागे घेतले नाही आणि पुन्हा उच्चारलेही नाही. निघताना एवढेच म्हणाले की पाटी कोर्टात अडकली आहे, ती निघते का बघा. त्यांनी स्वतः दोनदा मागितली होती. पाटी कंपनीच्या मालकीची, तेव्हा ती लिक्विडेटरने मागावी, असे कोर्टात सांगितले गेले. लिक्विडेटरने सांगितले की पाटी आपल्या यादीत नाही.

मयतीनंतर चौथ्या दिवशी मी घोडेगावला गेलो. भाभी पडद्याआडून बोलल्या. काही लागले तर सांगा, असे मी नेहमीचे म्हणालो. त्या म्हणाल्या, "बाकी काही नको, भाऊ. ती पाटी तेवढी आणून द्या. दारावर दोन खिळे त्यांनी कवाच ठोकून ठेवलेत."

गेल्या सोमवारी मी नाझरच्या खोलीत गेलो आणि पाटी परत मिळण्याचा अर्ज दिला. कारकुनाने विचारले, अर्ज कोणाच्या वतीने? मी म्हणालो, कंपनीच्या. त्याने दप्तर काढून पाहिले आणि कंपनी विसर्जित झाल्याचे सांगितले. मग करीम मिस्त्रींच्या वतीने, असे मी म्हणालो. ते कोर्टापुढे मालक म्हणून नव्हते, व्यवस्थापक म्हणून होते, असे तो म्हणाला. शिवाय आता मयत आहेत. अर्ज त्याने परत केला. पाटी मात्र पाहू दिली. ती खोलीच्या उत्तरेकडच्या कपाटामागे, भिंतीकडे तोंड करून उभी आहे. पाठीला कागदाची चिठ्ठी डकवलेली आहे. चिठ्ठीवर प्रकरणाचा क्रमांक आहे आणि त्याखाली निळ्या शाईत दोन शब्द आहेत: "मालक गैरहजर."